लाल मुठीचा दांडा

मार्लिसने आधी कुबड्या केबिनमध्ये फेकल्या, मग दाराशेजारच्या दांडीला दोन्ही हातांनी लटकून स्वतःला वर ओढलं. एका पायाने दोन उंच पायऱ्या चढायच्या म्हणजे मधल्या क्षणी सगळा भार हातांवर येतो. तेवीस वर्षं ट्रक चालवून हात तेवढे कमावलेले होते. बरगड्यांनी मात्र बोंब मारली. सीटवर पडल्यावर ती बराच वेळ नुसतीच दम खात बसली.

शेडच्या पत्र्यांच्या फटींतून मार्च महिन्याचं पांढरं ऊन आत येत होतं. छपरावरचं बर्फ वितळून ठिबकत होतं. ऑर्व्हलचा, म्हणजे तिच्या बापाचा, हा जुना ट्रक सोळा वर्षं इथे उभा होता. मागचा ट्रेलर कधीच विकला गेला. पुढचं धूड तेवढं म्हाताऱ्याने ठेवून घेतलं होतं आणि त्याला कोणी हात लावलेला त्याला खपत नसे. आत्ता तो गावातल्या कॅफेत बसला असणार. रोज सकाळी सात ते नऊ तिथल्या गोल टेबलावर आणखी चार म्हाताऱ्यांबरोबर कॉफी ढोसायची आणि साऱ्या जगाला ट्रक कसा चालवावा ते शिकवायचं, हा त्याचा नेम होता. तो परत यायच्या आत मार्लिसला काम उरकायचं होतं.

काम साधंच होतं. डोळे मिटून बसायचं आणि आपला हात कुठे जातो ते बघायचं.

दहा वाजता केंट शाफर यायचा होता. नोव्हेंबरात नदीच्या पुलाअलीकडच्या उतारावर मार्लिसचा धान्याचा रिकामा ट्रेलर आडवा फिरला आणि समोरून येणाऱ्या पिकअपवर आदळला. पिकअपमध्ये केंटची बायको होती, जोलीन. शाळेत मुलांचं जेवण करून ती घरी निघाली होती. तिचे दोन्ही पाय मोडले, पण ते जुळले. डोक्याला लागलं होतं ते जुळलं नाही. चार महिने ती फार्गोच्या इस्पितळात डोळे उघडे ठेवून पडली होती आणि नवऱ्याला ओळखत नव्हती. मार्लिसची केबिन ट्रेलर आणि पुलाचा कठडा यांच्यात चेपली. तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

गेल्या आठवड्यात केंटचा फोन आला होता. तो ओरडला नाही, हे तिला जास्त जड गेलं.

"मला एकच विचारायचंय," तो म्हणाला होता. "त्या वेळी तू नेमकं काय केलंस? पोलिसांच्या कागदावर लिहिलंय, कारण सांगता येत नाही. म्हणजे काय? कारण असतंच ना काहीतरी. मी घरी येतो, तू मला तोंडावर सांग."

नोव्हेंबरात त्याने विचारलं असतं तर तिने एका दमात सांगितलं असतं. तेव्हा तिला स्वच्छ आठवत होतं. रस्त्यावर काचेसारखं पातळ बर्फ. उतारावर ट्रकची मागची चाकं सरकली, आरशात ट्रक आणि ट्रेलर यांच्यात कोन पडताना दिसला. घडीचा चाकू मिटतो तशी अख्खी गाडी मिटणार, हे तिला कळलं. आणि मग तिने बापाने शिकवलेलं केलं. ब्रेकच्या पेडलवरचा पाय काढला आणि स्टीअरिंगच्या उजव्या अंगाचा दांडा ओढला. त्या दांड्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. ट्रेलर मागून धरून ठेवेल आणि गाडी दोरीसारखी सरळ होईल, असं ऑर्व्हलचं शास्त्र होतं. पण ट्रेलर रिकामा होता, जुना होता. त्याची चाकं एकदम थांबली आणि बर्फावर त्याची घसरगाडी झाली. पुढच्या क्षणी डाव्या आरशात ट्रेलर नव्हता. तो खिडकीशेजारी आला होता.

हे तिला आठवत होतं. पण इस्पितळात ती शुद्धीवर आली तेव्हा बापाचं पहिलं वाक्य होतं, "कचकन ब्रेक मारलास ना?"

कशी आहेस, दुखतंय का, काही नाही. आणि मग ते वाक्य त्याने सोडलंच नाही. घरी, चर्चच्या पायऱ्यांवर, औषधांच्या दुकानात. कॅफेतल्या गोल टेबलावर तर रोज. कॅफेत वाढायचं काम करणारी ट्विला एकदा डबा घेऊन आली होती, तिने ओशाळून सांगितलं, "ऑर्व्हल म्हणतो, पोरगी घाबरली आणि पेडलवर उभीच राहिली. म्हणतो, शंभरदा सांगूनही बायकांचा पाय ऐकत नाही. तू मनावर घेऊ नकोस गं." बाकीचे चार म्हातारे त्याचीच री ओढत. डोक्याला मार बसला की माणसाच्या आठवणीत दुसऱ्यांचं बोलणं जाऊन बसतं, असं डॉक्टर म्हणाले होते. चार महिने तेच ऐकून मार्लिसला आता खरंच खात्री उरली नव्हती. स्वप्नात कधी तिचा हात दांड्यावर असे, कधी पाय पेडलवर. केंटला यांतलं कोणतं सांगायचं?

बरं, बाप वाईट म्हणावा तर तेही धड नाही. ती घरी यायच्या आधी त्याने न्हाणीघरात तिच्यासाठी पकडायच्या दांड्या बसवल्या होत्या, मोडक्या खुब्यावर वाकून, एकट्याने. शेवटच्या दांडीला नेहमीप्रमाणे पत्र्याची चिठ्ठीही लटकवली होती. काहीही बसवलं, बदललं, काढलं, की ऑर्व्हल बिअरच्या डब्याचा पत्रा बोटभर कापून त्यावर खिळ्याने महिना आणि साल कोरायचा आणि तारेने त्या वस्तूला बांधायचा. पाणी तापवायच्या टाकीला चिठ्ठी, ट्रॅक्टरला चिठ्ठी, आईच्या शिवणयंत्राला चिठ्ठी. असल्या माणसावर रागावायचं तरी कसं, हे तिला कळत नसे. पण राग होता, आणि तो दिवसेंदिवस वाढत होता.

मार्लिसने डोळे मिटले. उतार आठवला. पुलाचे कठडे आठवले. गाडीचा मागचा भाग सरकतो तेव्हा पोटात खड्डा पडतो, तो आठवला. आणि हाताला सोडून दिलं.

हात गिअरवरून उचलला गेला, वर गेला, स्टीअरिंगच्या उजव्या अंगाला गेला आणि मिटला. आत काहीच आलं नाही.

तिने डोळे उघडले. मूठ हवेत होती. खात्री पटली, त्याचं तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की दांडा जागेवर नाही हे ध्यानात यायला थोडा वेळच लागला.

तो होता. लहानपणी ती या ट्रकमधून बापाबरोबर जायची तेव्हा होता. लाल मुठीचा दांडा. ती मूठ फडक्याने पुसायचं काम तिचं होतं. एक्क्याण्णवच्या जानेवारीत बापाला अपघात झाला आणि त्यानंतर आईने तिला या ट्रकमध्ये पाय ठेवू दिला नाही. तेव्हा ती तेरा वर्षांची होती.

स्टीअरिंगच्या खांबाभोवती एक कडं दिसत होतं. आजूबाजूचा रंग काळवंडलेला, तेवढ्या बोटभर पट्ट्यात स्वच्छ. ती खाली वाकली. हवेच्या दोन नळ्यांची तोंडं पितळी बुचं ठोकून नीट बंद केली होती, ऑर्व्हलच्या हातचं काम. एका बुचाला पत्र्याची चिठ्ठी होती. अंगठ्याने धूळ पुसल्यावर अक्षरं वर आली. दांडा काढला. फेब्रु. ९१.

नऊचं शेपूट डावीकडे वळवायची त्याची सवय होती.

एक्क्याण्णवचा अपघात साऱ्या तालुक्याला पाठ होता. जेम्सटाउनच्या टेकडीवरून ऑर्व्हल खाली येत होता, गाडी मिटायला लागली, त्याने दांडा ओढला, गाडी सरळ झाली, फक्त शेवटी खड्ड्यात उतरली म्हणून खुबा गेला. दांड्याने जीव वाचवला. तीस वर्षं हा किस्सा त्याने सांगितला होता आणि दर हिवाळ्यात टेकडी थोडी उंच होत गेली होती. अठ्ठ्याण्णव साली मार्लिस ट्रक शिकली तेव्हा कंपनीच्या गाडीत सहा आठवडे तो तिच्या शेजारी बसला. गाडी जरा सरकली की तो तिच्या बोटांवर पट्टी मारायचा. "दांडा! पाय नाही, दांडा!" तिचा हात न विचारता तिथे जाईपर्यंत त्याने मारलं होतं.

म्हणजे दांडा ओढल्यावर त्याचाही ट्रेलर असाच फिरून आला होता आणि त्यानेच खुबा मोडला होता. गाडी दुरुस्त होऊन आल्यावर त्याने पहिलं काम काय केलं, तर दांडा काढून टाकला. पुढची चौदा वर्षं तो दांड्याशिवाय ट्रक चालवत राहिला. आणि पोरीला शिकवताना किस्सा शिकवला.

मार्लिसने तार पिळून चिठ्ठी तोडली आणि खिशात घातली. खाली उतरताना ती पडली. रडू मात्र आलं नाही.

ऑर्व्हल आला तेव्हा ती स्वयंपाकघरात कॉफी लावत होती. त्याने चिखलाचे बूट दाराशी काढले आणि लंगडत येऊन आपल्या खुर्चीत बसला.

"शाफर आला की तू फार बोलू नकोस," तो म्हणाला. "सरळ सांगून टाक, घाबरले आणि ब्रेक मारला. लोक समजून घेतात. घाबरणं कोणालाही कळतं."

"आणि मी घाबरले नसेन तर?"

"मग काय, झोपली होतीस?"

"दांडा ओढला, डॅड."

ऑर्व्हलने साखरेचं भांडं जवळ ओढलं. तो साखर घेत नसे.

"तुला आठवत नाही. डॉक्टरच म्हणाला तसं."

"आता आठवतंय."

"दांड्याने कधी गाडी फिरत नाही. मी अडतीस वर्षं चालवलाय. तू पेडल मारलंस."

ती त्याच्यासमोर बसली. खिशातल्या पत्र्याची कड तिच्या बोटाला लागत होती. त्याला एक संधी द्यावी, असं तिला वाटलं. तो बाप होता.

"एक्क्याण्णवला काय झालं होतं? खरं खरं?"

"किती वेळा सांगितलंय."

"पुन्हा सांग."

आणि त्याने सांगितलं. आधी कुरकुरत, मग नेहमीसारखं रंगून, दोन्ही हातांनी. टेकडी, बर्फ, आरसा. "आणि मी हा असा दांडा ओढला," म्हणत त्याने हवेत मूठ मिटली. तासाभरापूर्वी तिची मूठ अशीच मिटली होती.

"विश्वास नसेल तर टेबलावर कोणालाही विचार," तो म्हणाला.

"ते कुठे होते तिथे?"

दारावर थाप पडली.

केंट शाफर धान्याच्या गोदामावर कामाला होता. त्याच्या टोपीवर गोदामाची धूळ होती, ती त्याने बाहेर झटकली आणि टोपी हातात धरूनच आत आला. मार्लिसने पूर्वी पाहिला होता त्याच्या निम्माच तो उरला होता. तिने कॉफी ओतली, लिंबाच्या वड्यांची बशी पुढे केली. मग तिघंही पाच मिनिटं हवेबद्दल बोलले. यंदा बर्फ लवकर वितळतंय, म्हणजे नदीला पाणी येणार. पेरण्या लांबतील. हो, लांबतीलच. त्याशिवाय या भागात कोणी मुद्द्यावर येत नाही, मग घरात कोणी मेलेलं का असेना.

"तिने काल पाणी गिळलं," केंट मध्येच म्हणाला. "चमच्याने. दोन चमचे."

"चांगलं आहे की," ऑर्व्हल म्हणाला.

"हो." त्याने कप दोन्ही हातांत धरला, पण प्यायला नाही. "मार्लिस, मी भांडायला आलेलो नाही. मला फक्त कळायला हवं. तिला कधी शुद्ध आली आणि तिने विचारलं, काय झालं होतं, तर मी काय सांगू?"

"पोरगी घाबरली," ऑर्व्हल म्हणाला. "ब्रेक मारला. कोणाच्याही हातून—"

"मी तिला विचारतोय."

मार्लिसने सगळं सांगितलं. बर्फ, आरशातला कोन, दांडा, खिडकीशेजारी आलेला ट्रेलर, आणि त्याच्या पलीकडे पिकअपचे दिवे. तिचा आवाज एकदाच अडखळला, दिव्यांपाशी. केंट डोळे न हलवता ऐकत होता.

"म्हणजे दांडा ओढला नसता तर?"

"माहीत नाही. कदाचित मी एकटीच कठड्यावर गेले असते. ट्रेलर तुमच्या बाजूला आला, तो दांड्यामुळे. हात माझा होता, केंट. मी ते दुसऱ्या कोणावर ढकलत नाहीये."

"पण असं करायचं हे तुला शिकवलं कोणी?"

मार्लिसने बापाकडे पाहिलं. ती नुसती पाहत राहिली. ऑर्व्हल चमचा उलटा करून त्यात बघत होता.

"त्या काळी सगळेच शिकवायचे," तो शेवटी म्हणाला.

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळे."

बापाबद्दल तिला जे काही वाटत होतं, ते तिथे संपलं. तिने खिशातून चिठ्ठी काढली आणि वड्यांच्या बशीशेजारी ठेवली.

ऑर्व्हलने ती पाहिली. हात पुढे केला आणि अर्ध्यावर थांबवला. केंटने ती उचलून उजेडात धरली.

"हे काय?"

"याच्या ट्रकमधली. शेडमध्ये आहे तो," मार्लिस म्हणाली.

केंटने अक्षरं वाचली. अंगठा फिरवून पुन्हा वाचली. गोदामावर रोज ट्रक बघणाऱ्या माणसाला दांडा म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही.

"तू गाडी कधी शिकलीस?" त्याने विचारलं.

"अठ्ठ्याण्णवला."

बाहेर छपरावरून बर्फाचा मोठा थर घसरून खाली पडला आणि खिडकीची काच थरथरली. केंटने चिठ्ठी जिथून उचलली होती तिथे परत ठेवली.

"जेम्सटाउनच्या टेकडीचा किस्सा जोलीनलाही माहीत होता," तो ऑर्व्हलला म्हणाला. "कॅफेत तुम्ही स्वतः तिला सांगितला होता. घरी येऊन तिने मला सांगितला. तुमची नक्कल करून, दांडा ओढून दाखवत. आम्ही हसलो होतो."

ऑर्व्हलने तोंड उघडलं. "हे बघ, केंट, मी काही मुद्दाम—"

केंट उठला. त्याने टोपी घातली आणि टेबलाला वळसा घालून मार्लिसपाशी आला. ती कुबडी चाचपून उठायला लागली, तर त्याने मानेने नको म्हटलं आणि हात पुढे केला. तिने तो धरला. त्याचा हात गार आणि खरखरीत होता आणि त्याने तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला. ऑर्व्हलही खुर्चीला टेकून कसाबसा उभा राहिला होता. त्यानेही हात पुढे केला. केंट त्याच्यासमोरून दाराकडे गेला, आणि दार हळूच लावून घेतलं.

पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला, मग चिखलातून गेल्याचा. ऑर्व्हलचा हात अजून पुढेच होता. त्याने तो टेबलावर टेकवला, खाली बसला आणि चिठ्ठी पालथी केली. केंटच्या कपातली कॉफी भरलेली तशीच होती.

मार्लिस वाट बघत होती. एक शब्द, कसलाही. तिला तेवढाही पुरला असता.

बऱ्याच वेळाने ऑर्व्हल म्हणाला, "पाय दुखत असेल तुझा. जा, आत जाऊन पड जरा."

"कुठला?" मार्लिसने विचारलं.